खाड्यांचा हिशेब : कुवेत आणि मुंबई

कामावर असताना मजुराचे शरीर जायबंदी झाले, तर ते पुन्हा उभे राहीपर्यंत जे दिवस रिकामे जातात त्यांची मजुरी कोणाच्या नावे टाकावयाची, हा प्रश्न वरकरणी कचेरीतल्या कारकुनाने सोडवावा इतका क्षुल्लक दिसतो. परंतु एखाद्या समाजाने श्रमाचे आणि श्रमिकाचे मोल कसे केले, हे त्याच्या स्तोत्रांपेक्षा अशा खतावण्यांतून अधिक खरेपणाने कळते, असे माझे मत आहे. कुवेतची खतावणी या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. तेथे एकाच मनुष्याच्या हयातीत, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जन्मलेल्या मुलाने आपले नातू पाहीपर्यंतच्या काळात, दुखापतीचे दिवस मजुराच्या ऋणाच्या बाजूवरून उचलले जाऊन मालकाच्या देण्याच्या बाजूला लिहिले गेले. आणि या स्थित्यंतराच्या दोन्ही टोकांना मुंबई शहराचा हात लागलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

तेल सापडण्यापूर्वीचे कुवेत हे समुद्राकडे तोंड आणि वाळवंटाकडे पाठ करून बसलेले एक मातीच्या भिंतींचे बंदर होते. शेती नव्हती, पिण्याचे गोडे पाणीसुद्धा शत्त-अल-अरबच्या पात्रातून नावांत भरून आणावे लागे. खजूर घेऊन मलबारपर्यंत जाणे व परतताना नावा बांधण्यास लागणारे लाकूड आणणे हा हिवाळ्याचा व्यवसाय, आणि उन्हाळ्याचे सुमारे चार महिने मोत्यांसाठी बुड्या मारणे हा दुसरा. मोत्यांच्या नावेवर बुडी मारणारा तो ‘घैस’, त्याची दोरी सांभाळून त्याला वर ओढणारा तो ‘सैब’, आणि नावेचा धनी ‘नोखदा’, ज्याला आपल्या कोळीवाड्यांत आजही नाखवा म्हणतात. घैसाच्या नाकाला चिमटा, गळ्यात शिंपल्यांची जाळीदार टोपली, पायाला वजनाचा दगड, आणि अंगाला चटका देणाऱ्या जेलीमाशांपासून बचाव म्हणून कधीकधी सुती अंगरखा, एवढ्या सामग्रीवर तो दिवसभर खालीवर करीत राही. कानाचे पडदे फाटणे ही त्या धंद्यातली इतकी नित्याची गोष्ट होती की तिला कोणी अपघात म्हणत नसे. डोळे अधू होत, छाती कमकुवत होई, आणि चाळिशीतला घैस पुष्कळदा सैबाच्या कमी हिश्श्यावर समाधान मानून दोरी धरावयास लागे.

आता या जायबंदी माणसाच्या मजुरीचे काय होई, ते पाहावे. पहिली गोष्ट अशी की मजुरी अशी काही नव्हतीच. मोती विकले गेल्यावर शिध्याचा खर्च आणि नावेचा हिस्सा वजा जाऊन जे उरे त्याच्या वाटण्या होत. घैसाला बहुधा तीन वाटे, सैबाला दोन. परंतु हंगामापूर्वी घरच्यांच्या पोटासाठी नोखदाने ‘सलफ’ म्हणून उचल दिलेली असे, आणि हिवाळ्यात आणखी एक उचल होई. या दोन्ही उचली वाट्यातून वळत्या होत. वाटा लहान पडला की बाकी पुढच्या हंगामावर जाई. ज्याचा कान फुटला त्याच्या बुड्या कमी, बुड्या कमी म्हणून वाटा कमी, वाटा कमी म्हणून बाकी मोठी, आणि बाकी मोठी म्हणून पुढच्या वर्षी फुटक्या कानानेच बुडी मारणे भाग. असा तो फेरा होता. दुखापतीचा प्रत्येक दिवस घैसाच्याच नावे कर्ज म्हणून लिहिला जाई, आणि तो मेला तर ते कर्ज त्याच्या मुलांच्या मागे लागे. एका नोखदाला सोडून दुसऱ्याकडे जावयाचे असल्यास घैसाला ‘बरवा’ नावाचा कागद घ्यावा लागे, त्यावर बाकीची रक्कम असे, आणि नवा नोखदा ती अंगावर घेई तेव्हाच माणूस मोकळा होई. आजच्या कुवेतमध्ये एका कफिलाकडून, म्हणजे परवान्याच्या धन्याकडून, दुसऱ्याकडे जाण्यासाठी ‘रिलीज’ मिळवताना ज्यांच्या चपला झिजल्या आहेत त्यांना या जुन्या कागदाचे वर्णन ओळखीचे वाटेल.

यात नोखदा मोठा क्रूर होता असे मानण्याचे कारण नाही. तो स्वतः मोत्यांच्या सावकाराचा ऋणको असे, सावकार त्याच्याहून मोठ्या व्यापाऱ्याचा, आणि या साखळीचे शेवटचे कडे मुंबईत अडकविलेले असे. कुवेतच्या सधन घराण्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. त्यांचे मोती मुंबईच्या बाजारात पारखले जात, तेथेच भोके पाडून ओवले जात आणि तेथूनच पॅरिसला जात. कुवेतचे चलन हिंदी रुपया, टपाल हिंदी सरकारचे. 1923 पासून तर पंचम जॉर्जच्या हिंदी तिकिटांवरच कुवेतचे नाव छापून ती तेथे विकली जाऊ लागली. तेव्हा घैसाच्या नावे जी बाकी निघे ती रुपयांतच निघे. पुढे जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि 1929 च्या मंदीने हा व्यापार मोडला. कुवेतच्या राज्यकर्त्यांनी मोतीधंद्यातील देण्याघेण्याचे नियम 1940 मध्ये लेखी कायद्यात बांधले खरे, परंतु तोवर ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा ते घैसच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरत चालले होते. धंदा मरणाला टेकल्यावर त्याचा कायदा करावा ही सरकारांची जुनी खोड आहे.

त्याच्या कितीतरी आधी साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मुंबईच्या गिरणगावात, नेमका हाच प्रश्न अगदी निराळ्या भाषेत विचारला गेला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे घराण्याने पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या कन्हेरसरचे, सत्यशोधक समाजाचे अनुयायी, मांडवीच्या एका गिरणीतले भांडारपाल आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सरकारने मुंबईच्या कारखान्यांच्या चौकशीसाठी मंडळ नेमले तेव्हा 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती पुढे मान्य झाली. दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची आणि पगार वेळेवर देण्याची कलमेही लोकांच्या स्मरणात असतात. परंतु शेवटचे कलम सहसा कोणी उल्लेखीत नाही: गिरणीत काम करताना जबर दुखापत होऊन जो कामगार काही काळ निकामी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज करावी, अशी ती मागणी होती.

ही मागणी किती पुढची होती हे कळण्यासाठी त्या वेळच्या कायद्याची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. 1855 च्या एका कायद्याने दुसऱ्याच्या दोषामुळे मृत्यू आलेल्या मनुष्याच्या वारसांना दावा करण्याचा हक्क दिला होता. जिवंत राहिलेल्या जखमी मजुराला मात्र मालकाचा प्रमाद शाबीत करून दिवाणी दावा लढविण्याखेरीज मार्ग नव्हता. आणि ज्याचा हात पट्ट्यात सापडून गेला त्याने वकील कोणत्या पैशाने करावयाचा? इंग्लंडातसुद्धा मालकाचा दोष न पाहता भरपाई देण्याचा कायदा 1897 मध्ये झाला, म्हणजे लोखंडे यांच्या परळच्या सभेनंतर तेरा वर्षांनी. लोखंडे यांनी दोष कोणाचा हा प्रश्न उपस्थितच केला नाही. काम करताना दुखापत झाली, एवढे त्यांना पुरेसे होते. 1891 चा कारखाने कायदा झाला, त्यात आठवड्याची सुटी आली, दुखापतीचा पगार आला नाही.

तो यावयास आणखी तीन दशके लागली. पहिल्या महायुद्धानंतरच्या संपांनी मुंबई हादरली, 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, मध्यवर्ती विधिमंडळात नारायण मल्हार जोशी कामगारांच्या बाजूने बोलू लागले, आणि कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 मध्ये संमत होऊन 1 जुलै 1924 पासून अमलात आला. लोखंडे यांनी पूर्ण पगार मागितला होता. कायद्याने तात्पुरत्या दुखापतीत साधारणतः निम्मा दिला, तोही पंधरवड्याच्या हप्त्यांनी, आणि पहिले दहा दिवस काहीच नाही. कायमच्या दुखापतीसाठी मात्र त्याला एक परिशिष्ट जोडले होते, आणि ते वाचण्यासारखे आहे. उजवा हात कोपरापासून गेल्यास कमाईची शक्ती शेकडा 70 घटली असे समजावे, डावा गेल्यास 60, पाय गुडघ्यापासून गेल्यास 60, बहिरेपणा पूर्ण आल्यास 50, एक डोळा 30, अंगठा 25, तर्जनी 10, आणि इतर कोणतेही बोट 5. डावखुऱ्या विणकऱ्याने या कोष्टकाला काय म्हटले असते कोण जाणे. परंतु शरीराच्या प्रत्येक अवयवाची किंमत त्याच्या कमाईच्या मापाने ठरविणारा तो हिंदुस्थानातला बहुधा पहिला सरकारी कागद होता. त्याच्या आधारावर मुंबईत भरपाई आयुक्तांपुढे अर्ज पडू लागले, आणि कोकणातल्या खेड्यापर्यंत ‘गिरणीत बोट गेले तर सरकार पैसे देवविते’ एवढे ज्ञान पोहोचले.

हे ज्ञान बरोबर घेऊनच कोकणचा आणि गोव्याचा माणूस कुवेतला गेला. बुरगान येथे 22 फेब्रुवारी 1938 रोजी तेल लागले, युद्धामुळे विहिरी बुजविण्यात आल्या, आणि 1946 च्या 30 जून रोजी पहिले जहाज तेल भरून निघाले. कुवेत ऑइल कंपनीला कारकून, फिटर, वायरमन, सुतार, स्वयंपाकी सगळेच हवे होते आणि त्यांची भरती मुंबईत होऊ लागली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कराची, मस्कत, बहरीन करीत कुवेतला आणि बसऱ्याला जात. ‘द्वारका’, ‘दुमरा’, ‘दारा’ ही नावे रत्नागिरीच्या घराघरांत पाहुण्यांच्या नावांसारखी उच्चारली जात. त्यांपैकी ‘दारा’ 8 एप्रिल 1961 रोजी दुबईनजीक स्फोटाने पेटली आणि 238 माणसे दगावली. परदेशी जाणाऱ्या कुशल कामगारांच्या शर्तींवर नजर ठेवण्यासाठी 1922 चा देशांतर कायदा होता आणि मुंबईत ‘प्रोटेक्टर’ची कचेरी होती. परंतु करारावर सही मुंबईत झाली तरी अपघात बुरगानच्या वाळूत होई, आणि तेथे 1923 चे ते कोष्टक दाखवून उपयोग नव्हता.

कुवेतचा स्वतःचा न्याय तोवर इस्लामी फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, आणि 1938 पासून स्वीकारलेली ‘मजल्ला’ ही उस्मानी दिवाणी संहिता यांवर चाले. त्या परंपरेत देहाच्या इजेचे मोल फार प्राचीन काळापासून ठरलेले होते. त्याला ‘दिया’ म्हणतात. जिवाची एक पूर्ण दिया. दोन्ही डोळ्यांची पूर्ण, एकाची निम्मी. प्रत्येक बोटाचा दहावा हिस्सा, मग ते तर्जनी असो वा करंगळी, उजव्या हाताचे असो वा डाव्या. ही विभागणी मुंबईच्या परिशिष्टाशेजारी ठेवून वाचावी म्हणजे दोन संस्कृतींच्या हिशेबाचा फरक डोळ्यांत भरतो: एकीने बोट विणकऱ्याचे म्हणून मोजले, दुसरीने मनुष्याचे म्हणून. पहिलीत श्रमिकाची किंमत त्याच्या पगाराइतकीच राहते, आणि दुसरीत पगाराचा विचारच नसल्यामुळे बुडालेल्या रोजांना जागा सापडत नाही. दोन्ही हिशेब एकमेकांवाचून अपुरे आहेत.

कुवेतच्या आधुनिक कायद्याचे विशेष असे की त्याने दोन्ही ठेवले. 1959 मध्ये खाजगी क्षेत्रातील कामगारांसाठी पहिला कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1964 चा 38 क्रमांकाचा कायदा आला आणि तो 46 वर्षे चालला. दिवाणी संहिता 1980 मध्ये आली, तिने जिवाची दिया 10,000 दिनार ठरविली आणि शरीराच्या इजेपुरती भरपाई माणसामाणसांत भेद न करता द्यावी असे स्पष्ट लिहिले. कमाई बुडाल्याचे नुकसान हा त्याहून वेगळा विषय मानला. वाहनाने कोणाला चिरडले आणि चालक सापडला नाही, तर ती दिया सरकारने भरावी अशीही तरतूद त्या संहितेत आहे. पुढे 2010 चा 6 क्रमांकाचा कामगार कायदा झाला, त्याचे कलम 93 या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. कामावरील दुखापतीने किंवा व्यवसायजन्य रोगाने अंथरुणाला खिळलेल्या कामगाराला, डॉक्टर ठरवील तितक्या उपचाराच्या संपूर्ण मुदतीत पूर्ण पगार. मुदत सहा महिन्यांहून लांबली तर त्यापुढे निम्मा, तो बरा होईपर्यंत, पंगुत्व सिद्ध होईपर्यंत किंवा मृत्यू येईपर्यंत. कायमच्या पंगुत्वाची भरपाई याखेरीज. कामावर जाता-येता रस्त्यात झालेला अपघातही कामावरचाच समजावा असे हा कायदा म्हणतो. लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला जे मागितले आणि मुंबई सरकारने ज्याची दखल घेतली नाही, ते जवळजवळ त्याच शब्दांत घैसांच्या नातवंडांच्या देशात कायदा होऊन बसले.

मध्यंतरी एक प्रचंड दुखापत साऱ्या कुवेतलाच झाली. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य आत शिरले आणि दीड लाखांहून अधिक हिंदी माणसे पगार, भिशीचे पैसे, भांडीकुंडी सोडून जॉर्डनच्या वाटेला लागली. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईत आणले. मालकच परागंदा झाला असता मजुरी कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न प्रथमच राष्ट्रांच्या पातळीवर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने 1991 मध्ये जिनिव्हा येथे भरपाई आयोग नेमला आणि पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापून घेण्याचे ठरविले. आरंभी हा कपात-हिस्सा शेकडा 30 होता. अर्जांचे वर्ग पाडले होते: देश सोडावा लागला त्यांचा ‘अ’, गंभीर शारीरिक इजा किंवा मृत्यू यांचा ‘ब’, आणि एक लाख डॉलरपर्यंतच्या व्यक्तिगत नुकसानीचा ‘क’, ज्यात बुडालेला पगार स्वतंत्र रकान्यात मागता येई. इजेचे अर्ज सर्वांत आधी निकालात काढले. त्यांचे पहिले वाटप 1994 मध्ये झाले. हिंदुस्थान सरकारने परराष्ट्र मंत्रालयात खास कुवेत कक्ष उघडला होता आणि त्याच्यामार्फत अर्ज पाठवावे लागत. एकंदर सुमारे 27 लाख दावे, मंजूर रक्कम 52.4 अब्ज डॉलर, आणि शेवटचा हप्ता 2022 च्या जानेवारीत. युद्धाने बुडालेली मजुरी जेत्यांनी जितांकडून वसूल करून खुद्द मजुरांच्या हाती देण्याचे असे दुसरे उदाहरण इतिहासात मला आढळलेले नाही.

परंतु खतावणीची बाजू बदलली म्हणून वसुली सोपी झाली असे नाही. जिनिव्हाच्या अर्जांत लोकांना जो अनुभव आला तोच कलम 93 च्या अर्जांत येतो: सारे कागदावर अडते. पाडावरून पडलेल्या माणसाच्या नावे मालकाने पोलीस ठाण्यात वर्दी दिली की नाही, रुग्णालयाच्या पहिल्याच टिपणात ‘कामावर’ हा शब्द पडला की ‘घरी घसरून’ असे लिहिले गेले, पंगुत्वाचे शेकडे ठरविणाऱ्या सरकारी वैद्यकांपुढे तो वेळेत उभा राहिला की नाही, यांवर पुढचे सगळे अवलंबून असते. त्याहून चिवट अडचण पगाराच्या आकड्याची. सरकारी कामाच्या परवान्यावर, ज्याला तिकडे ‘इज्न अमल’ म्हणतात, एक आकडा असतो; हातात पडणारा दुसरा असतो; भरती-दलालाने गावी सांगितलेला तिसरा. जादा तासांचे पैसे रोखीने घेतलेले असतात. दुखापत झाली म्हणजे यांपैकी शाबीत करता येईल तोच आकडा टिकतो, आणि बँकेत जमा झालेल्या पगाराचा उतारा हाच मग मजुराचा खरा साक्षीदार ठरतो. मंदुबाने, म्हणजे मालकाची सरकारी कामे पाहणाऱ्या माणसाने, पुढे केलेल्या अरबी कागदावर ‘सर्व हिशेब चुकता’ असे लिहिले आहे हे न समजता अंगठा उठविला, तर तो साक्षीदारही मुका होतो.

मुदतीचाही घोर असतो. कामगार कायद्याखालचा दावा करार संपल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. कोर्ट फी कामगाराला माफ आहे, ही मोठी सवलत. परंतु मोडलेला पाय घेऊन मंडणगडला परतलेल्या माणसाने हे वर्ष अस्थिरोग तज्ज्ञाच्या फेऱ्यांत घालविले, तर माफ झालेल्या फीचा त्याला उपयोग काय? मुखत्यारपत्र करून द्यावयाचे तर नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, कुवेतची वकिलात अशी शिक्क्यांची रांग, मग अरबी भाषांतर, आणि तिकडे विश्वासाचा मुखत्यार. म्हणूनच जाणते लोक सांगतात की जखमी माणसाने शक्य असेल तर इकामा, म्हणजे निवासाचा परवाना, रद्द होण्यापूर्वी तक्रार कामगार खात्यात नोंदवून तिचा क्रमांक हाती घ्यावा आणि मगच विमानात बसावे. परदेशी कामाला जाण्यास ज्यांना सरकारी परवानगी लागते त्यांना हिंदुस्थान सरकारने 2003 पासून प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची केली आहे, आणि 2017 पासून तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पंगुत्वाला दहा लाख रुपये मिळतात. खाड्यांची मजुरी तीही भरून देत नाही.

12 जून 2024 च्या पहाटे कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून 45 हिंदी माणसे मेली, तेव्हा आणखी एक जुना वाद पुन्हा वर आला: मालकाने दिलेल्या खोलीत झोपलेला मजूर कामावर असतो की नसतो? मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते, कारण खोली त्याची स्वतःची, निदान भाड्याची, असे. आखातात निवारा, जेवण, प्रवास आणि काम या चारही गोष्टी एकाच मालकाच्या हाती असल्यामुळे कामाची वेळ कोठे संपते हे सांगणे कठीण होते. नोखदाच्या नावेवर तर तो प्रश्न उद्भवतच नसे. चार महिने तेथेच झोप आणि तेथेच बुडी.

आणि हे सारे लिहिले ते ज्यांच्या निवास-परवान्यावर खाजगी नोकरीचे कलम 18 असते त्यांच्यापुरतेच. घरकामासाठी कलम 20 खाली गेलेला स्वयंपाकी, चालक किंवा आया यांना 2010 चा कायदा पहिल्याच पानांतून वगळतो. त्यांच्यासाठी 2015 चा 68 क्रमांकाचा निराळा कायदा आहे, आणि कलम 93 मधल्या सहा महिन्यांच्या पूर्ण पगाराचा आधार त्यांना घेता येत नाही. त्यांत गोव्याचे आणि कोकणचे लोक पूर्वीपासून आहेत, आजही आहेत.